नर झाडांचा मळा

९ मार्च, मंगळवार

कलमाच्या फांदीवरची पहिली कळी आज उघडली. कळीवरची टोकदार टोपी सकाळी गळून पडली होती आणि काडीभोवती गोल वण उमटला होता. हा वण म्हणजे या कुळाची खूण. वड घ्या, उंबर घ्या, अंजीर घ्या, काडीवर गोल वण दिसला आणि मोडल्यावर दूध आलं की समजायचं, घरातलंच कोणीतरी आहे.

हिला सांगावंसं वाटलं. पण आमचा फोन रविवारी असतो, आणि रविवारपर्यंत मी विसरणार. म्हणून ही वही काढली.

ही लेकीकडे गेली आहे, बाळंतपणाला. बाळ चार महिन्यांचं झालं की येते म्हणाली. बाळ अजून यायचंच आहे, तेव्हा घाई नाही.

मी राहतो तो मळा नर अंजिराचा. बाहेरच्या माणसाला हे समजावताना माझ्या नाकी नऊ येतात. आमच्या वाणाचं खायचं अंजीर लागतं मादी झाडाला. पण नर झाडाच्या अंजिरात वाढलेली माशी अंगाला पराग फासून त्याच्यात शिरली तरच ते पिकतं, नाहीतर हिरवंच गळतं. माशी म्हणजे गांधीलमाशीच्या जातीतली, पण मुंगीहून लहान. मग लोक विचारतात, दोन्ही झाडं शेजारी का नाही लावत? कारण माश्या जास्त झाल्या, एकेका अंजिरात डझनभर घुसल्या, की फळ आतून सडतं आणि फुटतं. म्हणून नर झाडं लांब, टेकडीपलीकडे, आणि त्यांची राखण करणाराही लांब. मोठ्या मळ्यात माणसं, गोदाम, दुकानं, दवाखाना. इथे मी, ही आणि नर झाडं. सध्या ही वजा.

नर झाडाचं अंजीर खाण्याजोगं नसतं. आत भुसा आणि माश्या. गेल्या वर्षी ही संध्याकाळी दारात बसून म्हणाली होती, "एवढा जन्म अंजिरांत गेला आणि हाताने तोडून खावं असं एक अंजीर दाराशी नाही." छाटणीच्या वेळी मी मोठ्या मळ्यातून मादी झाडाची काडी खिशात घालून आणली आणि दारापुढच्या नर झाडावर कलम केलं. नियमात बसत नाही. कलम बांधताना सुतळी हिनेच धरली होती. कसलं कलम म्हणाली, तर प्रयोग आहे म्हणालो. यंदा त्या फांदीला अंजिरं धरायला हवीत. आधी सांगितलं तर मजा जाईल.

२८ मार्च, रविवार

नात झाली. दोघी सुखरूप आहेत. माझा जीव भांड्यात पडला.

फोनवर मागून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. हिने नाक कोणावर, कपाळ कोणावर ते सविस्तर सांगितलं. मग म्हणाली, "तुमचं काय?" मी सांगितलं की थंडीतल्या अंजिरांतल्या माश्या आता बाहेर पडायच्या बेतात आहेत, त्या वसंताच्या फळांत शिरल्या की वर्षाचा गाडा सुरू झाला. "दुसरं काय?" म्हणाली. दुसरं काही नव्हतं, तसं सांगितलं.

कुंपणाच्या तुती फुलल्या आहेत. वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली ही रांग, त्यातही बरीचशी झाडं नर. त्यांची फुलं पराग सोडत नाहीत, भिरकावतात. सकाळपासून शिंकतो आहे. तुती अंजिराची चुलत बहीण, दूध तेच, पण वळण निराळं. अंजीर सगळी फुलं आत कोंडून घेऊन बसतं, तुतीचं सगळं उघड्यावर आणि वाऱ्यावर. पानांचंही तसंच. एकाच फांदीवर एक पान सरळसाधं, दुसरं बोटं फुटलेलं, तिसऱ्याला एकाच बाजूला बोट. हिला तुती फार आवडते. "ही बोलकी आहे" असं म्हणते. मी तिला अनेकदा समजावलंय की तो बोलकेपणा नाही, तुतीचं परागीभवन वाऱ्याने होतं.

१९ एप्रिल, सोमवार

टेम्पोवाला किराणा घेऊन आला. आठवड्यातून एकदा येतो, आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी मोठ्या मळ्यातल्या सगळ्या बातम्या ठेवतो. म्हणाला, "काका, तुम्ही हल्ली उंबराचं फूल झालात. कार्यालयात कोणी ओळखणार नाही तुम्हाला." मी म्हटलं, उंबराला फुलं भरपूर असतात, आत असतात एवढंच. तो हसला. मी विनोद केला नव्हता, पण हसू दिलं.

त्याने कलमाची फांदी ओळखली. कशासाठी म्हणून विचारलं. हिच्यासाठी, असं पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. तर म्हणतो कसा, "अहो, मोसमात दोन किलो आणून देतो की. त्यासाठी एवढा खटाटोप?"

विकत आणलेलं वेगळं. त्याला काय समजणार, बिनलग्नाचा आहे.

भात अजून दोघांचाच शिजतो. हाताला सवय झालीये. उरलेला सकाळी खातो.

२ मे, रविवार

हिने शिवणयंत्र मागवलंय. टेम्पोतून स्थानकापर्यंत आणि तिथून पुढे. बाळाला झबली, दुपटी लागत असणार. विकत घेतलेल्या कपड्यांना शिवण धड नसते, हे तिचं नेहमीचं म्हणणं. मी यंत्राला तेल दिलं, पट्टा बदलला, पोत्यात नीट गुंडाळलं. एवढा जड ऐवज थोड्या दिवसांसाठी तिकडे न्यायचा आणि परत आणायचा, तिलाही हौस आहे.

खिडकीखाली यंत्र होतं तिथे फरशीचा उजळ चौकोन दिसतो. मी तिथे कलमाची सुरी, सुतळी आणि मेणाचा डबा आणून ठेवला. जागा तात्पुरती वापरायला हरकत नाही.

कलमाच्या फांदीला पानांच्या बेचक्यांतून बारकी अंजिरं दिसायला लागली आहेत. मोहरीपेक्षा थोडी मोठी. फोनवर जवळजवळ बोलून गेलो होतो, पण जीभ आवरली.

६ जून, रविवार

माश्या उद्या-परवा निघणार. आज दिवसभर अंजिरं चाचपत फिरलो. नर अंजीर ऐन वेळेला आलं की जरा मऊ पडतं, आणि चिरून बघितलं तर पिवळा पराग सांडतो. त्याआधी तोडलं तर माशी आतच मरते. एक सकाळ उशीर झाला तर माशी उडून गेलेली आणि हातात रिकामी थैली. हे एवढंच माझं कसब आहे, पण अख्खा मोठा मळा त्यावर पिकतो.

दारापुढच्या फांदीवरच्या प्रत्येक अंजिराला जुन्या मलमलीच्या पडद्याच्या पिशव्या शिवून घातल्या. टाके हातानेच घातले, वाकडे आले. या पिशव्या नसत्या तर इथल्या माश्यांनी त्या बिचाऱ्या अंजिरांची चाळण करून टाकली असती. बघायला गेलं तर मादीचं कलम नर मळ्याच्या मध्यभागी करणं हा शुद्ध वेडेपणा, पण पिशवी घातली की जमतं.

फोनवर सगळं सांगितलं, पिशव्यांचं सोडून. माश्या, पराग, पेट्या. ही तिकडच्या शिवणवर्गाचं काहीतरी सांगत होती. इमारतीतल्या बायकांना शिकवायला लागली आहे वाटतं. तेवढ्यात मला आठवलं की पाठवायच्या पेट्या धुवायच्या राहिल्यात, म्हणून फोन आवरता घेतला. पुढच्या वेळी विचारीन.

१० जून, गुरुवार

चार दिवस पाठ टेकलेली नाही. पहाटे तोडणी, ऊन चढायच्या आत पेट्या रवाना. मोठ्या मळ्यात बायका ही अंजिरं जाळीच्या पिशव्यांत घालून झाडाझाडाला टांगतात. त्यांचं हसणं-खिदळणं चालू असतं म्हणे, टेम्पोवाला सांगतो.

आज माझं स्वतःचं काम केलं. नर अंजिराच्या डोळ्यातून, म्हणजे बुडाच्या छिद्रातून, माश्या बाहेर यायला लागल्या की काचेच्या नळीत एकच धरायची. पिशवीची गाठ सोडायची, अंजिरावर तिला हलकेच टिचकीने उतरवायची, गाठ परत मारायची. एका अंजिराला एक माशी. ती थोडा वेळ गोल फिरते, डोळा सापडला की डोकं घालते आणि रेटत आत जाते. वाट इतकी अरुंद की पंख बाहेरच तुटून पडतात. नर अंजीर असतं तर तिला आत अंडी घालता आली असती. मादी अंजिरातल्या फुलांची नळी तिच्यासाठी फार लांब. ती या फुलावरून त्या फुलावर फिरत राहते, पराग पडतो, तिचं काम होत नाही, आणि परतीचे पंख तर दारातच गेलेले. एवढी वर्षं हे माहीत आहे. आज नळीतून एकेक उतरवताना मात्र वाईट वाटलं.

चिकाने मनगटाची कातडी उन्हात भाजून काढली आहे. ही असती तर ओरडली असती, आधी बाह्या खाली करा म्हणून.

२१ जून, सोमवार

सुपरवायझर साहेब पाहणीला आले. पाठवलेल्या अंजिरांवर खूश होते. जाता जाता पिशव्यांकडे लक्ष गेलं. हे काय म्हणाले, तर मी खरं ते सांगितलं. ते बराच वेळ फांदीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनींना अंजीर हवं होतं होय?" आणि मग, "एक फांदी ठीक आहे. दुसरी दिसता कामा नये."

चहा घेताना एक विचित्र गोष्ट बोलले. मागे मोठ्या मळ्यात घर रिकामं झालं होतं आणि मला बदली देऊ केली होती, मी नको म्हणालो होतो, ते खरंच आहे. नर झाडं दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला मन धजेना. साहेब म्हणाले, त्या वेळी वहिनी स्वतः टेकडी उतरून कार्यालयात आल्या होत्या, घर आम्हाला द्या म्हणायला. मी म्हटलं, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय, दुसरं कोणी असेल. ही मला न सांगता कार्यालयात कशाला जाईल? आणि जायचंच होतं तर मला म्हणाली असती.

साहेब "असेल" म्हणाले आणि कप ठेवून उठले.

१८ जुलै, रविवार

जी अंजिरं गळायची ती गळली. उरलेल्यांनी अंग धरलंय. माशी लागलेलं अंजीर ओळखू येतं, त्याला भार येतो.

नात पालथी पडायला लागली. चार महिने होत आले म्हणून मी सहज म्हटलं, "आता पुढच्या महिन्यात फळं तयार होतील बघ." ही म्हणाली, "कुठली फळं?" मी घाईने म्हटलं, मोठ्या मळ्यातली. "हो का," म्हणाली. मग तिने विचारलं, "दुसरं काही म्हणायचंय का तुम्हाला?" मला वाटलं, कलमाचं हिला कळलं की काय. मी घाईने नाही म्हटलं.

मग लेकीने फोन घेतला. "बाबा, आईला काही विचारायचं असेल तर विचारा ना." काय विचारायचं ते तिने सांगितलं नाही. लेकींना कोड्यात बोलायची सवय असते.

२२ ऑगस्ट, रविवार

ही येते आहे. येत्या शनिवारी, जावयाच्या गाडीतून, एका दिवसासाठी. उबदार कपडे आणि थोडं सामान घ्यायचंय म्हणाली. एका दिवसासाठी का होईना, नेमकं याच आठवड्यात. एक अंजीर तर मानेपाशी झुकलंय, कातडीला बारीक भेगा पडल्या आहेत आणि डोळ्यापाशी मधाचा थेंब जमलाय. आणखी दोन मागून येतील. मी ठरवूनही हे इतकं नेमकं जुळलं नसतं.

घर झाडून घेतलं. परत झाडून घेतलं.

२८ ऑगस्ट, शनिवार

आले आणि गेलेही.

गाडीतून उतरल्यावर मी तिला आधी घरात जाऊच दिलं नाही. फांदीपाशी नेलं, पिशवीची गाठ सोडली आणि म्हटलं, तोड. तिने तोडलं. देठातून दूध आलं ते पदराला पुसायच्या आत मी फडकं पुढे केलं. तिने अर्धं मला देऊ केलं, मी घेतलं नाही. पूर्ण खाल्लं तिने, देठापर्यंत.

"गोड आहे," म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. खिशातली काडी, कलम, पिशव्या, काचेची नळी, एका अंजिराला एक माशी. बराच वेळ बोलत होतो. जावई मध्येच फोन घ्यायला बाजूला गेला. ती झाडाला हात लावून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार बरं वाटलं, कष्टाचं चीज झालं असं वाटलं. ती म्हणाली, "एवढं सगळं केलंत, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत." मी म्हटलं, अगं, मग त्यात गंमत काय राहिली असती?

दुपारभर ती घरात होती. गोधड्या उन्हात घातल्या, फळीवरचे सगळे डबे घासले, भरले आणि प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी चिकटवली. हळद, साखर, मीठ, चहा. मी म्हटलं, चिठ्ठ्या कशाला, तुला तर डोळे मिटून सापडतं. "असू देत," म्हणाली.

निघताना गाडी सुरू झाली तरी ती दाराशी उभी. मी म्हटलं, उरलेली दोन अंजिरं पिकली की टेम्पोबरोबर पाठवतो. ती म्हणाली, "तुम्हीच खा." मग बसली. टेकडीच्या वळणापर्यंत गाडी दिसते, तोवर थांबलो.

३१ ऑगस्ट, मंगळवार

साखर शोधत होतो, तर हातात आलेल्या डब्यावर साखर असंच लिहिलेलं. तेव्हा लक्षात आलं. चिठ्ठ्या तिच्यासाठी नव्हत्याच. ज्याला डबे माहीत नाहीत आणि ज्याला ते यापुढे एकट्याने वापरायचे आहेत, त्याच्यासाठी होत्या.

मग उबदार कपड्यांचा विचार केला. शिवणयंत्राचा केला. साहेबांच्या बोलण्याचाही केला. चहा गार झाला तो तसाच ओतून टाकला.

मी मूर्ख आहे. झाडांतलं सगळं कळतं मला.

१ सप्टेंबर, बुधवार

फोन लावला. हिने उचलताच विचारलं, "आज बुधवार ना? काय झालं? पडलात का कुठे?"

काही झालं नाही म्हटलं. मग बोललो. "तू नाहीस तर मला करमत नाही. तू परत ये."

पलीकडे शिवणयंत्राचा आवाज चालू होता तो थांबला. मला वाटलं फोन कटला. मग ती बोलली, अगदी सावकाश.

"हे ऐकायला मी त्या दारात किती वर्षं बसले असेन."

मी म्हटलं, साहेबांकडे जातो, मोठ्या मळ्यात घर मागतो, नर झाडं दुसऱ्याला देतो. ती म्हणाली, ते तुम्हाला हवं असेल तर मागा, माझ्यासाठी नको. मी पुन्हा म्हटलं, ये. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती माझी समजूत घालत असल्यासारखी म्हणाली, "मला इथं करमायला लागलंय हो."

मी बरं म्हणालो. ती म्हणाली, "रविवारी फोन कराल ना? करा. पण अंजिरांचं नका सांगू. तुमचं सांगा."

४ सप्टेंबर, शनिवार

उद्या रविवार. तीन दिवस विचार करतोय की माझं म्हणून काय सांगायचं. सुरुवात केली की झाडावर जातो. काल तर तोंडपाठ करत होतो आणि तिसऱ्या वाक्याला माश्या आल्या.

आज लिहून बघतो.

उजवा गुडघा दुखतो, टेकडी चढताना जास्त. अजून भात दोघांचा होतो. आवाज ऐकू यावा म्हणून जेवताना रेडिओ लावतो, पण बातम्या कळत नाहीत. मी तुझ्या जागी झोपतो, तिकडची उशी चपटी आहे. लेकीचं लग्न झालं त्या रात्री तू बाहेर बसून रडत होतीस, मी आतून बघितलं होतं. बाहेर यावंसं वाटलं होतं, पण येऊन काय बोलायचं ते सुचलं नाही. कार्यालयात गेली होतीस हे खरं का, एवढं एकदा सांग. त्या शनिवारी तुमची गाडी गेल्यावर मी दाराला कडी लावली आणि बराच वेळ घरात उभा होतो.

मोठ्याने वाचून बघितलं. लवकर संपतं. फोन त्याहून लांब चालतो, उरलेल्या वेळात काय करायचं हा प्रश्न आहे. मग सुचलं, तिला विचारायचं. तुझं काय? शिवणवर्गात किती जणी येतात, काय काय शिवता, कोणाशी मैत्री झाली? आणि ती सांगत असेल तेव्हा मध्ये बोलायचं नाही.